सुरीच्या मुठीचीं भोंकें

स्वयंपाकघरांतील एखादी चांगली सुरी हातांत घेऊन तिची मूठ न्याहाळली, तर लांकडावर पितळेचे दोन-तीन वाटोळे ठिपके दिसतात. एका अंगास जे ठिपके, तेच दुसऱ्या अंगास. कारण ते ठिपके म्हणजे मुठींतून आरपार गेलेल्या खिळ्यांचीं तोंडें होत. मुठीच्या दोन लांकडी पट्ट्या आणि त्यांच्यामध्यें असलेली पोलादाची जाड पट्टी यांना हे खिळे एकत्र शिवून टाकतात. सुरी वापरणाऱ्याचें सारें लक्ष धारेकडे असतें. खिळ्यांकडे क्वचितच कोणाचें जातें. परंतु घरच्या घरीं सुरी घडवूं पाहणाऱ्या हौशी माणसाची मात्र त्या दोन-तीन ठिपक्यांपाशींच एका यंत्राशीं गांठ पडते. आजच्या भाषणाचा विषय तेंच यंत्र आहे.

पोलादाची पट्टी आणून, कानशीनें घांसून, भट्टींत तापवून, तिला पाणी देऊन सुरी तयार करण्याचा छंद आतां केवळ लोहारांचा राहिलेला नाहीं. दिवसभर कचेरींत कागद हाताळणारा एखादा गृहस्थ सुट्टीच्या दिवशीं गच्चीवरील खोलींत किंवा मोटार ठेवण्याच्या जागेंत आपला लहानसा कारखाना मांडतो, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं. हातानें घडविलेल्या वस्तूचा आनंद कागदांत मिळत नाहीं हें खरेंच आहे. अशा घरांतील मंडळींना भीति वाटते ती भट्टीची, सहाणयंत्राच्या ठिणग्यांची आणि तयार धारेची. कोपऱ्यांत उभें असलेलें ड्रिलयंत्र त्या मानानें अगदीं गरीब दिसतें. त्याला ज्वाला नाहीं, ठिणगी नाहीं, फारसा आवाजहि नाहीं. बोटाएवढें एक बिट जागच्या जागीं फिरत असतें, आणि त्याच्यापासून बोट दूर ठेवलें म्हणजे काम झालें, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु सुरीच्या कामांत हें यंत्र जी मोठी इजा करतें, ती बहुधा बिटाकडून होत नाहीं. ज्या पट्टीला भोंक पाडावयाचें ती पट्टीच फिरूं लागते, आणि कारागिराच्या हातावर वार होतो तो त्याच्या स्वतःच्या पात्याचा.

हें कसें घडतें हें समजण्यासाठीं यंत्राची रचना थोडी पाहिली पाहिजे. खालीं एक जड बैठक, तीवर उभा खांब, खांबाच्या माथ्याशीं मागच्या अंगास मोटार आणि पुढच्या अंगास उभा फिरणारा दांडा. मोटार आणि दांडा यांच्यामध्यें पायऱ्यापायऱ्यांच्या दोन पुल्या व त्यांवर पट्टा असतो. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर घेतला कीं दांड्याचा वेग बदलतो. दांड्याच्या खालच्या टोंकाला तीन जबड्यांचा चक, आणि चकाच्या जबड्यांत बिट. उजव्या हाताशीं असलेली मूठ ओढली कीं फिरतें बिट सरळ खालीं उतरतें, आणि सोडली कीं स्प्रिंगच्या जोरानें वर जातें. खालीं एक सपाट मेज असतें, त्यास आरपार लांबट खांचा असतात. या खांचा कशासाठीं ठेवल्या आहेत हा प्रश्न नव्या माणसास सहसा पडत नाहीं, आणि येथूनच चूक सुरू होते.

सुताराच्या हातांतील सामता ज्यांनीं पाहिला असेल त्यांना या यंत्राचें कूळ ओळखूं येईल. धनुकलीची दोरी दांड्याभोंवतीं वळसा घेते, धनुकली पुढें-मागें ओढली कीं दांडा गरगरतो आणि त्याचें टोंक लांकडांत उतरतें. युक्ति फार प्राचीन आहे. बलुचिस्तानांत मेहेरगढ येथें ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वींच्या माणसांच्या दाढा सांपडल्या, त्यांत गारेच्या टोंकानें पाडलेलीं भोंकें आहेत. सामत्याचा एक गुण त्याच्या दुबळेपणांतूनच आलेला आहे. टोंक अडकलें कीं दोरी घसरते, नाहीं तर हात थांबतो. काय झालें तें सुताराच्या मनगटाला तत्काळ कळतें. विजेच्या मोटारीला असें मनगट नाहीं. बिट पोलादांत अडकलें तरी ती थांबत नाहीं; बिटाबरोबर पट्टीलाच फिरवूं लागते.

तिच्या अंगीं बळ तरी किती असतें? टेबलावर ठेवण्याजोग्या, अर्ध्या अश्वशक्तीच्या यंत्राचा दांडा मिनिटास ५०० फेरे या मंद वेगानें फिरत असेल, तर भोंकापासून पांच सेंटिमीटरवर पट्टी धरणाऱ्या बोटांवर सुमारें १४ किलोग्रॅम वजनाइतका आडवा जोर येऊं शकतो. आणि बिट एकाएकीं अडकल्यास चकाच्या व पुल्यांच्या फिरत्या वजनाचा तडाखा त्यांत आणखी मिळतो. चार मिलिमीटर जाडीची, तेलानें बुळबुळीत झालेली पोलादी पट्टी चिमटींत धरून हा जोर थोपविणें कोणत्याहि माणसाला शक्य नाहीं, मग तो तालमीचा असो वा कचेरींतला. पट्टी सुटली म्हणजे तिचा पंखा होतो. वेग मिनिटास १,००० फेऱ्यांचा असेल आणि पात्याचें टोंक भोंकापासून २० सेंटिमीटर दूर असेल, तर त्या टोंकाची गति ताशीं ७५ किलोमीटर होते. डोळ्यांनीं पाहून हात मागें घेण्यास माणसास सुमारें पाव सेकंद लागतो. तेवढ्या अवकाशांत पातें चार वेळां फिरून गेलेलें असतें. ‘हात चटकन् काढूं’ हा विश्वास येथें निरुपयोगी आहे.

असें असूनहि पुष्कळ लोक पट्टी हातांतच धरतात, आणि याचें कारण केवळ अज्ञान नव्हे. बहुतेक वेळां कांहींच होत नाहीं, हें खरें कारण आहे. पहिलें भोंक हातांत धरून पाडलें, ठीक झालें; दुसरेंहि ठीक झालें. क्लँप लावण्यास दोन मिनिटें लागतात आणि भोंक अर्ध्या मिनिटांत होतें. अशा वेळीं क्लँप लावणें हा भित्रेपणा वाटूं लागतो. जी चूक दहादां निभावून जाते ती माणसाला दहा वेळां चुकीचाच धडा शिकविते. मग एखाद्या संध्याकाळीं बिट थोडें बोथट झालेलें असतें, हात थकलेला असतो, जेवणाची हांक आलेली असते आणि एकच भोंक उरलेलें असतें.

बिट अडकतें तें बहुधा भोंकाच्या सुरुवातीस नव्हे, तर शेवटास, पलीकडून बाहेर पडण्याच्या क्षणीं. याचें कारण बिटाच्या आकारांत आहे. आज वापरांत असलेलें पीळदार बिट अमेरिकेंतील स्टीफन मोर्स यानें शोधून काढलें आणि १८६३ सालीं त्याचें पेटंट घेतलें. त्याचें टोंक निमुळतें असतें. नेहमींच्या बिटांत टोंकाच्या दोन धारांमधील कोन ११८ अंशांचा असतो. अशा बिटाचें टोंक प्रथम आरपार जातें, आणि तळाशीं भोंकाच्या कांठानें पोलादाची एक पातळ कड शिल्लक राहते. तोंपर्यंत वरून दाबणाऱ्या हाताला तळाचा विरोध होत असतो. तो एकदम नाहींसा होतो, हात मात्र त्याच जोरानें दाबीत राहतो. बिटाच्या धारा त्या पातळ कडेंत एकाएकीं खोल घुसतात आणि बिटाचा पीळ स्क्रूसारखें काम करूं लागतो. पट्टी वर उचलली जाते किंवा फिरते, पुष्कळदां दोन्ही गोष्टी एकदम होतात. म्हणून टोंक बाहेर येण्याची वेळ जवळ आली कीं दाब हलका करावा. हा क्षण हाताला ओळखतां येतो. आवाज बदलतो, आणि मुठीखालीं कांहींतरी सैल झाल्यासारखें वाटतें. पट्टीच्या खालीं सपाट लांकडाचा ठोकळा ठेवला तर पोलाद संपल्यावर बिटास लांकडाचा आधार मिळतो, मेजाला भोंक पडत नाहीं, आणि शेवटचा हिसका पुष्कळच सौम्य होतो.

पितळ ही याहूनहि लबाड धातु आहे. मूठ आणि पातें यांच्या सांध्यावर बसणारी पट्टी किंवा आडवी कड हौशी कारागीर आवडीनें पितळेची करतो, आणि पितळ पोलादापेक्षां मऊ असल्यामुळें तेथें भीति नाहीं असें समजतो. परंतु नेहमींच्या बिटाची धार पुढें झुकलेली असते. ती पोलादास योग्य, पण मऊ पितळेंत ती स्वतःलाच आंत ओढून घेते. अनुभवी कारागीर यासाठीं एक बिट निराळें ठेवतात, आणि त्याच्या दोन्ही धारांचा पुढचा पृष्ठभाग बारीक दगडावर किंचित् घांसून सपाट करतात, म्हणजे तें खरवडतें, ओढीत नाहीं. दोन मिनिटांचें काम आहे. पण तें केलेल्या आणि न केलेल्या बिटांतील फरक पहिल्याच भोंकाला कळतो.

आतां पट्टी बांधावी कशी हें पाहूं जातां मेजाच्या खांचांचें प्रयोजन उघड होतें. त्या खांचांतून बोल्ट घालून पट्टी मेजावर दाबून धरतां येते. किंवा मेजाच्या कडेला सी आकाराचे दोन क्लँप लावले तरी चालतें. क्लँप दोनच हवेत. एकाच क्लँपनें दाबलेली पट्टी त्या क्लँपभोंवतींच फिरूं शकते, आणि ‘क्लँप लावला होता’ एवढेंच समाधान पदरीं राहतें. व्हाइसमध्यें पट्टी धरावयाची असेल, तर व्हाइसहि बोल्टांनीं मेजाशीं जखडला पाहिजे. सुटा व्हाइस म्हणजे सुट्या पट्टीचाच मोठा भाऊ. क्लँप आवळल्यावर बटण दाबण्यापूर्वीं चक हातानें एक वेढा फिरवून पाहावा आणि बिट खालपर्यंत उतरवून पाहावें, म्हणजे चक क्लँपच्या दांड्यावर आपटणार नाहीं याची खात्री होते.

यावर दुसरा बचाव आहे, आणि तो फुकट मिळणारा आहे. वरून पाहिलें असतां बिट घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें फिरतें. सुटलेली पट्टीहि त्याच दिशेनें जाते. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या उजवीकडे पट्टीचें लांब टोंक असेल, तर तें फिरून त्याच्या पोटाकडे येईल. डावीकडे असेल, तर पलीकडे खांबाकडे जाईल. म्हणून मुठीकडील भाग बिटाखालीं ठेवून पात्याचा लांब भाग नेहमीं डावीकडे असावा, आणि तो किंचित् तिरपा मागें नेऊन खांबाच्या डाव्या अंगास टेकवावा. पट्टी तेवढी लांब नसेल, तर मेजाच्या खांचेंत एक उभा बोल्ट बसवून त्याला ती टेकवावी. क्लँप सैल पडलाच तरी मग पट्टीला फिरण्यास वाट राहत नाहीं. हें अर्थात् क्लँपच्या जोडीला, क्लँपच्या ऐवजीं नव्हे.

आणि इतकें करूनहि पट्टी सुटलीच, तर तिला हातानें थांबविण्याचा मोह टाळावा. माणसाचा हात आपोआप पुढें जातो. पडणाऱ्या भांड्याकडे जातो तसाच. डोकें व हात मागें घेऊन बटण बंद करणें एवढेंच करावयाचें असतें. त्यासाठीं बटण समोर, डाव्या हाताशीं, पट्टीच्या फेऱ्याबाहेर असावें. यंत्राच्या मागें भिंतीवरच्या प्लगाशिवाय ज्याला बटणच नाहीं असें जुनें यंत्र स्वस्तांत मिळालें, तर त्यावर पहिला खर्च बटणाचाच करावा.

सुरीच्या बाबतींत कामाचा क्रमहि एक संरक्षण आहे. पट्टीचा आकार कापला कीं पात्याचे उतार घांसण्याची कारागिरास घाई होते, कारण तेव्हांच ती पट्टी सुरीसारखी दिसूं लागते. परंतु भोंकें त्याआधींच पाडावीं. उतार घांसलेलें पातें मेजावर सपाट बसत नाहीं, डुगडुगतें, आणि क्लँपमधून निसटण्यास तेवढें निमित्त पुरतें. शिवाय सपाट पट्टी फिरली तर मार बसेल, धारदार पातें फिरलें तर बोट जाईल. तयार सुरीची मूठ बदलण्यासाठीं नवें भोंक पाडावयाचें असेल, तेव्हां हा क्रम पाळतां येत नाहीं. अशा वेळीं धारेवर जाड कातडें किंवा लांकडी खोबण चढवून तें चिकटपट्टीनें घट्ट बांधल्यावांचून पातें यंत्राजवळ नेऊं नये.

भोंकें पाणी देण्यापूर्वींच पाडण्यास आणखी एक कारण आहे, तें पोलादाच्या स्वभावाचें. पाणी दिलेली चांगली सुरी रॉकवेल मापानें ५८ ते ६२ इतकी कठीण असते. आणि हायस्पीड पोलादाचें बिट त्याहून थोडेंसेंच अधिक कठीण असतें. एवढ्याशा फरकावर भोंक पडत नाहीं. बिट वरवर घांसत राहतें, कारागीर अधिक जोर लावतो, बिट तापून निळें पडतें, आणि शेवटीं तें मोडतें किंवा पट्टीला हिसका देतें. पोलाद कठीण आहे कीं मऊ हें आधीं पाहण्याची सोपी रीत कानशीची आहे. कानस कडेवर चावली तर बिट चालेल, घसरून गेली तर चालणार नाहीं.

मोटारीच्या कमानपाट्यापासून सुरी करण्याची हौस पुष्कळांना असते, कारण तें पोलाद उत्तम आणि भंगारांत स्वस्त. पण कमानपाटा हा आधींच पाणी दिलेला असतो. बाजारांतल्या मऊ पट्टीप्रमाणें तो भोंक घेत नाहीं. तो प्रथम मऊ करावा लागतो. लाल होईपर्यंत तापवीत जावें. सुमारें ७७० अंश सेल्सियसला लोहचुंबक त्यास चिकटेनासा होतो, त्याहून थोडा अधिक ताव द्यावा, आणि मग कोरड्या राखेंत किंवा चुन्याच्या भुकटींत पुरून रात्रभर निवूं द्यावा. साध्या कार्बनी पोलादास आणि कमानीच्या पोलादास ही रीत लागू पडते. हवेंतच कठीण होणाऱ्या उंची मिश्र पोलादांस ती लागू नाहीं, तीं पोलादें मऊ केलेल्या स्थितींतच विकत घ्यावींत.

वेगाविषयींहि सर्वसाधारण कल्पना उलटी असते. कठीण धातूला जोरानें फिरवावें असें वाटतें. वस्तुतः धातु जितकी कठीण आणि बिट जितकें जाड, तितका वेग कमी हवा. मऊ केलेल्या सुरीच्या पोलादासाठीं एक सोपा हिशेब आहे: ४,८०० या संख्येला बिटाच्या मिलिमीटरमधील व्यासानें भागावें, म्हणजे मिनिटाचे फेरे मिळतात. तीन मिलिमीटरच्या बिटास सुमारें १,६००, पांचाच्या बिटास ९६०, दहाच्यास ४८०. नेमकी तीच पायरी यंत्रावर नसेल तर खालची घ्यावी. पट्टा बदलतांना नुसतें बटण बंद करून भागत नाहीं, प्लग बाहेर काढावा. पुलीवर बोटें असतांना कोणाचा धक्का बटणाला लागावा यासारखी क्षुल्लक आणि महाग चूक दुसरी नाहीं. भोंकाच्या जागीं आधीं सेंटर पंचाचा एक ठोका द्यावा, म्हणजे बिट भटकत नाहीं. तेल थेंबाथेंबानें द्यावें, आणि बिट एकदम आरपार न दाबतां थोडें उतरवून पुन्हां वर घ्यावें. असें केल्यानें कीस तुकड्यातुकड्यांनीं निघतो. नाहीं तर त्याचीं वस्तऱ्यासारखीं धारदार आणि तापलेलीं वेटोळीं बिटाभोंवतीं फिरूं लागतात. तीं बोटानें कधींहि काढूं नयेत, फुंकरहि मारूं नये. यंत्र थांबवून ब्रशनें झाडावीं. डोळ्यांवर बाजूंनीं बंद असलेला चष्मा हवा. वाचण्याचा चष्मा समोरून येणाऱ्या किसाला कदाचित् अडवील, बाजूनें येणाऱ्याला नाहीं.

येथें हातमोज्यांची गोष्ट आली. कीस कापतो म्हणून हातमोजे घालावे हें वरवर अगदीं शहाणपणाचें दिसतें, आणि घरांतील वडील माणसें मुलाच्या काळजीनें त्यासाठीं आग्रहहि धरतात. परंतु फिरत्या बिटाजवळ हातमोजा हा सर्वांत वाईट पोशाख आहे. उघड्या कातडीस बिट लागलें तर जखम होते, हात मागें येतो. हातमोज्याचा एक धागा जरी बिटानें पकडला तरी तें सबंध कापड गुंडाळून घेतें आणि कापडाबरोबर हातहि ओढतें. हाच न्याय सैल बाहीला, ओढणीला, पदराला, गळ्यांतल्या साखळीला, मनगटावरच्या गंड्यादोऱ्याला आणि राखीलाहि लागू आहे. राखी सोडणें अनेकांच्या जिवावर येतें, हें समजण्यासारखें आहे. त्या दिवशीं यंत्र बंद ठेवावें हें उत्तम. लांब केंस घट्ट बांधून टोपीखालीं घ्यावे. अंगठी आणि घड्याळ काढून खिशांत ठेवावें.

तीन जबड्यांचा जो चक आज सर्वत्र दिसतो, त्याचा जन्महि एका लहानशा इजेंतून झाला असें सांगतात. आर्थर जेकब्स या अमेरिकन कारागिराची बोटें पान्यानें आवळण्याच्या जुन्या चकावर सोलून निघालीं, आणि त्यानें दांतेरी किल्लीनें आवळण्याचा नवा चक तयार केला. १९०२ सालीं त्याला त्याचें पेटंट मिळालें. मात्र या सोयीबरोबर एक नवा धोकाहि घरांत आला. चकांत विसरलेली किल्ली बटण दाबतांच गोळीसारखी सुटते. यावर उपाय सवयीचा आहे: किल्ली हातांत असेपर्यंतच ती चकांत असावी, हात तिच्यावरून निघाला कीं तीहि निघाली पाहिजे. ती यंत्रालाच आखूड दोरीनें बांधून ठेवण्याची युक्ति मात्र करूं नये, कारण दोरी फिरत्या दांड्यास सांपडते. भिंतीवर एक खिळा मारून तेथें ती टांगावी. खिळा रिकामा दिसला कीं बटण दाबावयाचें नाहीं.

विजेविषयीं एक गोष्ट महाराष्ट्रांतील श्रोत्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. काम चालूं असतां वीज जाते. कारागीर कंटाळून खालीं चहाला जातो, बटण चालूच राहतें. वीज परत येते तेव्हां क्लँप सैल केलेला असतो, बिट बदलण्यासाठीं हात चकावर असतो, किंवा कुतूहलानें घरांतलें एखादें मूल यंत्राजवळ उभें असतें. वीज जातांच आपोआप सुटणारें, आणि परत आल्यावर हातानें दाबल्यावांचून यंत्र सुरू न करणारें बटण बाजारांत मिळतें. त्यास नो-व्होल्ट स्विच म्हणतात. तें नसेल तर वीज जातांक्षणीं प्लग काढण्याची संवय लावून घ्यावी. अर्थिंगची तिसरी तार शाबूत आहे कीं नाहीं हें यंत्र आणलें त्याच दिवशीं तपासून घ्यावें. यंत्र माथ्याशीं जड असतें. बैठक टेबलाला बोल्टांनीं न जखडल्यास तें पुढें कलंडूं शकतें.

मुठीच्या लांकडी पट्ट्यांस भोंकें पाडणें त्या मानानें सोपें असल्यानें त्याविषयीं फार सांगण्याचें कारण नाहीं. पट्टी पातळ असली तरी तीहि बांधूनच धरावी. शिसवीची धूळ पुष्कळांच्या नाकास व कातडीस बाधते, आणि कांचतंतूंच्या थरांपासून केलेल्या पट्ट्यांची धूळ तर कोणाच्याच फुप्फुसांस बरी नाहीं. नाकातोंडावर चांगल्या प्रतीची मुखपट्टी बांधून हें काम करावें.

एका उद्योगापासून मात्र हौशी माणसास आवरलें पाहिजे. ड्रिलयंत्र फिरतें, तर त्याच्या चकांत पॉलिशचें चाक किंवा सँडपेपरचा गोळा बसवून पातें कां घांसूं नये, असा विचार केव्हां ना केव्हां प्रत्येकाच्या मनांत येतो. या यंत्राचा दांडा वरून खालीं दाब घेण्यासाठीं केलेला आहे, आडवा दाब घेण्यासाठीं नाहीं. पुष्कळ यंत्रांत चक दांड्याच्या निमुळत्या टोंकावर नुसत्या घर्षणानें बसलेला असतो. आडव्या धक्क्यांनीं तो सैल होतो आणि फिरत असतांनाच खालीं पडतो. त्यांत पॉलिशच्या चाकानें पात्याची धार पकडली, तर पातें कोणत्या दिशेस जाईल हें सांगतां येत नाहीं. पॉलिशचें काम कापडानें आणि हातानें हळू होतें, पण होतें.

कारखान्याच्या दाराला कडी असावी, आणि ती आंतून लावतां यावी. यंत्र चालूं असतां मागून येऊन खांद्यावर हात ठेवणारा माणूस कितीहि प्रेमाचा असला तरी त्या क्षणीं तो नको असतो. मूल पाहण्यासाठीं हट्ट धरीत असेल, तर त्याला चष्मा घालून यंत्राच्या डाव्या-उजव्या अंगास नव्हे, तर कारागिराच्या पाठीमागें दोन पावलें उभें करावें, आणि क्लँप लावण्याचें काम त्याच्या हातून करून घ्यावें. पट्टी हातानें हलवून पाहण्यास त्यालाच सांगावें. मुलें असल्या परीक्षेंत फार कडक असतात.

शेवटचें भोंक आरपार गेलें कीं मूठ हळूहळू सोडून बिट वर येऊं द्यावें, बटण बंद करावें आणि चक पूर्ण थांबेपर्यंत हात जवळ नेऊं नये. त्याला बोटानें अडवून लवकर थांबविण्याची संवय पुष्कळांना असते, ती वाईट. कीस ब्रशनें झाडावा, मग क्लँप सैल करावे. भोंकाच्या दोन्ही कांठांवर उठलेली तीक्ष्ण कड एक जाड बिट नुसतें हातांत धरून दोन-तीन वेढ्यांनीं काढून टाकावी. ती बोटाला कापते एवढेंच नव्हे, तर पुढें पाणी देतांना पोलादाला तडा जातो तो अशाच तीक्ष्ण कडेपासून सुरू होतो. किल्ली खिळ्यावर जाते, प्लग बाहेर येतो, आणि तीन भोंकांची ती बोथट पट्टी उतार घांसण्यासाठीं कानशीखालीं जाते.